जामबाग, पेरू आणि आटीव गर

हैदराबाद शहरातील ज्या वस्त्यांची नावे 'बाग' या शब्दाने सजलेली आहेत त्यांची नुसती गणती केली, तर परक्या माणसास हे शहर म्हणजे एक विस्तीर्ण उद्यानच असावे असे वाटेल. बशीरबाग, रामबाग, सीतारामबाग, मूसारामबाग, बाग लिंगमपल्ली अशी ही नामावळी लांबतच जाते. ही नावे पुष्कळदा चकवितात. मूसारामबागेतला 'मूसाराम' हा कोणी रामभक्त नव्हे. निजामाच्या चाकरीत असलेला फ्रेंच सेनानी मोशिये रेमाँ लोकांच्या जिभेवर मूसाराम झाला. येथील सार्वजनिक उद्यानास 'बाग-ए-आम' म्हणतात, त्यातल्या 'आम'चा आंब्याशी काही संबंध नाही; तो अरबीतला 'आम' आहे आणि त्याचा अर्थ सर्वसाधारण लोक असा आहे. जामबागेचे नाव मात्र असे चकवीत नाही. दखनी बोलीत पेरूला 'जाम' म्हणतात. तेलुगूतही पेरू तो 'जाम'च. वऱ्हाड-नागपूरकडे आणि मराठवाड्याच्या कित्येक भागांत आजही पेरू न म्हणता जांब किंवा जाम म्हणतात. जामबाग म्हणजे पेरूंची बाग, इतका साधा हा अर्थ आहे. बाग गेली, झाडे गेली. नाव तेवढे राहिले.

या वस्तीचा मराठी माणसाशी संबंध निकटचा आहे. कोठी आणि मोअज्जमजाही बाजार यांच्या दरम्यान ती वसली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक साहेबाने उभारलेली इंग्रजांची रेसिडेन्सी येथून जवळच, आणि त्या रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेला सुलतान बाजारही जवळच. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. तेथील माणसे कज्जेदलाली, नोकरी, वकिली आणि शिक्षण यांसाठी राजधानीत येत आणि पुष्कळदा याच भागात बिऱ्हाड करीत. राज्याचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा काळात मराठी मुलांना मराठीतून शिकविण्यासाठी १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही संस्था याच जामबागेत नांदली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे तिच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले आणि हैदराबादचा मराठी माणूस जेथे होता तेथेच राहून दुसऱ्या राज्याचा झाला.

या साऱ्याचा इतिहास लिहिला गेला आहे, व तो लिहिण्याजोगा आहेच. परंतु राज्ये, संस्था आणि चळवळी यांच्या इतिहासात जो भाग कधीच येत नाही, तो स्वयंपाकघरातला. चुलीपुढे जे घडते त्याची दप्तरे राहत नाहीत. त्याचे कागद म्हणजे पदार्थांची नावे, आणि त्याची साक्ष म्हणजे बरणीतला जिन्नस. म्हणून आम्ही येथे एक अगदी लहानसा पदार्थ हाती घेतला आहे: पेरू शिजवून, त्याच्या बिया गाळून, उरलेला गर साखर व मसाला घालून मंद आचेवर आटवितात तो. मुरंब्यात फळाच्या फोडी शाबूत राहतात. याच्यात त्या राहत नाहीत. बाजारी जॅम साखरेने थिजून बसतो. हा थिजत नाही, लोण्यासारखा मऊ राहतो व पोळीवर सहज पसरतो. मराठीत याला सर्वमान्य असे एक नाव नाही. आटीव दूध म्हणतो त्याच चालीवर आम्ही याला 'आटीव गर' म्हणू. नाव नसले तरी या पदार्थाला कुळे मात्र एकाहून अधिक आहेत, आणि ती निरनिराळ्या दिशांनी येऊन एका कढईत मिळाली आहेत.

पहिले कूळ आपल्याच घरातले, आणि सर्वांत जुने. फळ शिजवावे, बी काढून टाकावे, गर गाळून घ्यावा, तो स्निग्ध पदार्थात परतावा, साखर घालून आटवावा आणि शेवटी सुगंधी द्रव्ये मिसळावीत, ही कृती चरकसंहितेत च्यवनप्राशाच्या नावाने सांगितलेली आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात ती येते. आवळे मोजून ५०० घ्यावयाचे. गर परतण्यासाठी तूप व तेल मिळून १२ पल. साखर म्हणजे तेथील 'मत्स्यंडिका' अर्धी तुळा, म्हणजे ५० पल. उतरवून थंड झाल्यावर मध ६ पल, पिंपळी २ पल आणि दालचिनी, वेलची, तमालपत्र व नागकेशर यांचे मिळून एक पल. आपण त्याला औषध म्हणतो व सकाळी चमचाभर घेतो. पण वैद्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवून स्वयंपाकिणीच्या नजरेने पाहिले, तर हा मसालेदार आटीव गरच आहे. आयुर्वेदाने या साऱ्या जातीला 'अवलेह' असे नाव दिले, म्हणजे चाटून खाण्याचे. वेलची-दालचिनी शेवटी घालण्याची जी रीत आजची गृहिणी पाळते ती तेथेही आहे, कारणही तेच आहे: सुगंध आचेने उडून जातो.

दुसरे कूळ पश्चिमेकडून, अरबस्तान व इराणच्या वाटेने आले. 'मुरब्बा' हा मूळचा अरबी शब्द. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ वाढविणे, जोपासणे, सांभाळून मोठे करणे असा आहे. फळ साखरेच्या पाकात ठेवून जणू त्याचे संगोपन करावयाचे, ही त्यामागची कल्पना. युनानी हकिमांनी आवळ्याचे, सफरचंदाचे, गाजराचे मुरब्बे औषध म्हणून दिले आणि अमीर-उमरावांच्या दस्तरखानावर ते चैन म्हणून गेले. मराठीत आल्यावर या शब्दाचे जे झाले ते मोठे गमतीचे आहे. मराठी माणसाने त्यात आपला आंबा पाहिला! मुरलेला आंबा तो मुरंबा, अशी व्युत्पत्ती लोकांनी आपसूक करून घेतली, आणि एकदा ती पटल्यावर तिच्याच साच्यात साखरांबा, गुळांबा, मेथांबा हे शब्द घडविले. अरबी शब्दाच्या शेपटाला कोकणातला आंबा असा बेमालूम चिकटला, की आज शंभरांतल्या नव्याण्णव घरांत 'मुरंबा' हा शब्द बाहेरून आला आहे हे सांगितले तर कोणास पटणार नाही. गुळांब्याची तर हैदराबादी मुसलमान घरांशीही ओळख आहे. तेथे तो 'गुडंबा' होतो आणि कैरीच्या दिवसांत आवडीने खाल्ला जातो.

तिसरे कूळ समुद्रमार्गे आले आणि ते गोव्यास उतरले. पोर्तुगीज भाषेत 'मार्मेलू' नावाचे एक फळ आहे. सफरचंदासारखे दिसणारे, कच्चे असता तुरट व कठीण. फारसीत त्यालाच 'बिही' म्हणतात आणि त्याच्या बिया 'बिहीदाणा' म्हणून आपल्याकडे गांध्याच्या दुकानात मिळतात. हे फळ साखरेबरोबर आटवून त्याची घट्ट वडी करीत, ती 'मार्मेलादा'. इंग्रजांचा मार्मलेड हा शब्द याच मार्मेलादाचा वंशज. या शब्दाची शेपटी कापून पोर्तुगिजांनी ती दुसऱ्या फळांना लावली: अंजिराची फिगादा, ब्राझीलमधल्या पेरूची गोयाबादा, आंब्याची मांगादा. गोव्यात यांतली मांगादा 'मांगाड' होऊन घरोघर रुळली, आणि 'पेरादा' कोंकणीत 'पेराद' झाली. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्त या वैद्याने आंबा साखरेत मुरवून ठेवण्याची गोष्ट नमूद केली आहे. म्हणजे या दोन परंपरांची गाठ पडण्यास तेव्हाच आरंभ झाला होता. आजही नाताळात गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी जे कुसवार वाटतात, त्यात दोदोल, नेवऱ्या, कुलकुलांच्या जोडीला पेरादीच्या लालसर वड्या असतात. यात ऋतूचाही मेळ आहे. मृग बहाराचा पेरू हिवाळ्यात पिकतो आणि नाताळ हिवाळ्यात येतो.

आता ज्या फळाविषयी बोलावयाचे त्याच्याकडे वळू. पेरू हा या देशाचा नव्हे. तो उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. स्पॅनिश व पोर्तुगीज गलबतांनी तो जगभर पसरला. नवे फळ दिसले की माणूस त्याला जुन्या ओळखीच्या फळाचे नाव देतो. पोर्तुगिजांनी त्यात आपले 'पेरा' म्हणजे नासपती पाहिली, आणि त्यावरून आपला पेरू आला, कोंकणीतला पेर आला. उत्तरेकडे फारसीच्या छायेत वाढलेल्या लोकांनी त्याला 'अमरूद' म्हटले. आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? तीही नासपतीच! एकमेकांशी न बोलता, एक समुद्रावरून व एक खुष्कीवरून आलेल्या दोन भाषांनी एकाच फळाला एकाच फळाचे नाव द्यावे, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. छत्तीसगडात पेरूला 'बिही' म्हणतात. तेथे त्याला मार्मेलूचे फारसी नाव मिळाले. दखनी व तेलुगू लोकांनी मात्र परदेशी फळाकडे न पाहता आपल्या जांबाकडे, जांभळाच्या कुळाकडे पाहिले आणि त्याला 'जाम' म्हटले. वनस्पतिशास्त्र या शेवटच्या नावास अधिक मान देईल. कारण जांब, जांभूळ व पेरू ही तिन्ही एकाच कुलातली आहेत.

साखरेची कथाही याहून निराळी नाही. संस्कृतातील 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' झाली, पोर्तुगिजांच्या तोंडी 'असूकार' झाली. शब्द येथून गेला, ऊस व पाक करण्याची कला येथून गेली, आणि शतकांनंतर मार्मेलादाच्या रूपाने ती परत आली. मधल्या प्रवासात तिच्यावर एक डागही पडला. सोळाव्या-सतराव्या शतकात ब्राझीलची जी साखर युरोपभर गेली ती आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमाची होती. गोयाबादेची गोडी त्या घामाशिवाय नव्हती. आपल्या दख्खनच्या घरांत दीर्घकाळ गूळच चाले, साखर सणासुदीची. हैदराबाद संस्थानात १९३७ साली बोधन येथे निजाम शुगर फॅक्टरी निघाली आणि नांदेडच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या त्या गावची पांढरी साखर राजधानीच्या बाजारात आली. गुळाने आटविलेला गर काळसर व धुरकट चवीचा होतो. साखरेने फळाचा रंग राहतो. गुळांबा व साखरांबा ही दोन नावे आपण जोडीने घेतो, पण त्यांच्या मध्ये आर्थिक इतिहासाचा एक सबंध अध्याय आहे.

फळाचीही व्यवस्था त्याच सुमारास झाली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर शहरसुधारणेसाठी मंडळ नेमले गेले, रस्ते रुंद झाले, आणि १९३५ साली जामबागेच्या शेजारी दगडी कमानींचा व उंच घड्याळाच्या मनोऱ्याचा मोअज्जमजाही बाजार उभा राहिला. सातव्या निजामाच्या दुसऱ्या राजपुत्राचे नाव त्याला मिळाले. फळांचा मोठा व्यापार तेथे चाले. म्हणजे ज्या वस्तीतून पेरूची झाडे नाहीशी झाली होती तिच्या उंबरठ्याशी टोपल्यांतून पेरू पुन्हा आले. त्यांत कोहीरचे पेरू नावाजलेले. जहीराबादजवळचे हे कोहीर त्या काळी बीदर जिल्ह्यात होते. पुढे संगारेड्डीच्या फळसंशोधन केंद्रात कोहीर आणि अलाहाबाद सफेदा यांच्या संकरातून जी जात काढली तिचे नाव 'सफेद जाम' ठेवले गेले. इकडे पुण्यास गणेशखिंडीच्या केंद्रात १९२७ साली डॉ. चीमा यांच्या देखरेखीखाली निवडलेली जात लखनौ ४९ या नावाने देशभर गेली. अमेरिकेतले फळ, नाव लखनौचे, निवड पुण्याची! १९८० नंतरच्या दशकात मोअज्जमजाहीचा फळबाजार गड्डीअन्नारमला हलला व अलीकडे तेथूनही शहराबाहेर बाटासिंगारमला गेला. दगडी वास्तूची डागडुजी होऊन ती २०२० साली पुन्हा झळकू लागली, परंतु हिवाळ्याच्या सकाळी तिच्याभोवती दरवळणारा पिकल्या पेरूचा वास आता तसा राहिलेला नाही.

एवढी वंशावळ सांगितल्यावर प्रत्यक्ष कृतीकडे वळणे प्राप्त आहे, कारण या इतिहासाचा खरा पुरावा कृतीतच आहे.

पेरू पिकलेले घ्यावेत, पण सगळेच पिकलेले घेऊ नयेत. चार भागांत एक भाग तरी गदरा असावा. पेरूच्या अंगात पेक्टिन नावाचे जे चिकट द्रव्य असते ते गदऱ्या फळात अधिक, आणि गराला बांधणी त्याच्यामुळे येते. पिकल्या फळाने वास येतो. ज्या आजीबाईंना पेक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता त्याही 'थोडे कच्चेही घाल ग' असे सांगत, आणि बरोबर सांगत. फळे धुऊन, देठ काढून, फोडी करून त्या जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात शिजवाव्यात. पुरेशा मऊ झाल्या की रवीने किंवा डावाने घोटून चाळणीवर घालाव्यात आणि हाताने दाबून गर खाली उतरवावा. बिया व साल चाळणीत राहतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि यातच पदार्थाचे यश आहे, कारण पेरूची एक बी दाताखाली आली तरी सगळा मऊपणा व्यर्थ जातो.

गाळलेला गर मोजावा. एक किलो गरास अर्धा किलो साखर पुरते; फळ फार आंबट असेल तर शंभर ग्रॅम अधिक. दोन लिंबांचा रस व चिमूटभर मीठ. भांडे जाड बुडाचे हवे. पूर्वी पितळी पातेले वापरीत आणि त्याची कल्हई ताजी आहे की नाही हे आधी पाहत. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट फळ शिजविले की ते कळकते, चवीने व रंगाने बिघडते, आणि पोटासही बाधते. आच मंद असावी व लाकडी उलथणे लांब दांड्याचे असावे. गर घट्ट होऊ लागला की तो ज्वालामुखीसारखा फुटतो आणि त्याचे शिंतोडे मनगटावर उडतात. ज्यांनी तो केला आहे त्यांच्या हातावर त्याच्या खुणा आहेत. येथे हात थांबविता येत नाही. तळ धरला की करपट वास साऱ्या भांड्यात भरतो व त्याला उपाय नाही.

झाला की नाही, हे ओळखण्याची खूण अशी: थंड बशीवर थेंबभर गर टाकावा आणि क्षणभर थांबावे. त्याच्या कडेने पाण्याचे वर्तुळ सुटले नाही, आणि बोटाने मध्ये रेघ ओढली असता ती मिटली नाही, म्हणजे उतरवावा. येथेच पुढे आटवीत नेला, साखर गराइतकीच घातली, व तो भांड्याच्या कडा सोडून गोळा होऊ लागला की ताटात थापला, तर त्याची पेराद होते आणि सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप पडतात. म्हणजे हैदराबादचा आटीव गर आणि गोव्याची पेराद यांच्यात फरक आहे तो साखरेच्या मापाचा आणि वेळेचा. एकाच वाटेवरची ती दोन गावे आहेत. आंब्याचा रस उन्हात वाळवून केलेले साठ किंवा आपली फणसपोळी ही त्याच वाटेवर आणखी पुढे लागणारी. तेथे आचेऐवजी सूर्य काम करतो.

मसाल्याविषयी मतभेद आहेत व ते असावेत. दालचिनीचा एक तुकडा व चार लवंगा फडक्यात बांधून आरंभापासून गरात सोडल्या तर त्यांचा कडवटपणा न येता ऊब तेवढी येते. उतरविताना पुरचुंडी काढून टाकावी. सुंठ चमचाभर, कारण पेरू थंड मानला जातो व हिवाळ्यात घरांत खोकला असतो. वेलची आणि जायफळ अगदी शेवटी. काही घरांत चिमूटभर मिरपूड घालतात. पेरूवर तिखटमीठ टाकून खाणाऱ्या देशात हे नवल नव्हे. ही यादी पाहावी आणि च्यवनप्राशाची यादी पाहावी. दालचिनी व वेलची दोहोंकडे आहे. तेथे पिंपळी, येथे मिरी व सुंठ. त्रिकटूतली तीनही द्रव्ये या दोन यादींत वाटली गेली आहेत. युरोपातल्या मार्मेलादाच्या कृतीवर दख्खनच्या गृहिणीने आयुर्वेदाची मोहोर उठविली, आणि तिने ती कोणताही ग्रंथ न उघडता उठविली.

ग्रंथ अर्थात होते. मराठीतला पहिला छापील पाकग्रंथ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली आले आणि एक हजार पाकक्रियांचा त्याचा दावा होता. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली व लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलींच्या ट्रंकेतला तो एक आवश्यक जिन्नस झाला. परंतु छापील पुस्तक वाटी-चमच्याचे माप सांगते. वास केव्हा बदलतो, उलथणे केव्हा जड लागते, हे ते सांगू शकत नाही. ते ज्ञान शेजारी उभे राहून मिळवावे लागते.

आणि नेमके तेच शेजारी उभे राहणे आता दुर्मीळ झाले आहे. रेसिडेन्सीच्या व सिकंदराबादच्या छावणीच्या न्याहारीतून पाव, लोणी आणि पेरूची जेली शहरात आली होतीच. स्वातंत्र्यानंतर म्हैसुरास १९५० साली केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था उघडली, फळप्रक्रियेचे कारखाने वाढले, पाचगणीस १९५९ साली माप्रोने आपल्या जॅमचा आरंभ केला. १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने जॅममध्ये फळाचा भाग शेकडा ४५ हून कमी नसावा आणि विद्राव्य घन द्रव्ये शेकडा ६८ हून कमी नसावीत असे ठरविले. भेसळ रोखण्यासाठी असा नियम हवाच होता, आणि त्यामागचे शास्त्रही खरे आहे: इतकी साखर असली म्हणजे बुरशीला लागणारे पाणी मोकळे राहत नाही व बाटली महिनोन्महिने टिकते. आमच्या आटीव गरात साखर त्याहून कमी. म्हणून तो पूर्वी हंगामातच करून पंधरा दिवसांत संपवीत, आणि आता शीतकपाटात ठेवावा लागतो. टिकाऊपणाच्या कसोटीवर तो कारखान्यापुढे हरतो. पण त्याच कसोटीचा दुसरा अर्थ असा की त्यात फळ अधिक व साखर कमी आहे. मुलांच्या डब्यात पोळीला काय लावून द्यावे याची ज्या आयांना चिंता असते, त्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

आमचे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. 'आपले' आणि 'परके' यांची वाटणी करण्याची हौस आपल्या समाजात पुनःपुन्हा उसळते; भाषेत उसळते, शब्दकोशात उसळते, आहारातही उसळते. परके शब्द वेचून काढावेत असे सांगणाऱ्यांनी मुरंब्याची बरणी उघडावी आणि त्यातला अरबी भाग व मराठी भाग वेगळा करून दाखवावा. पेराद ही कोंकणी आहे, पोर्तुगीज आहे, की अमेरिकन? जामबागेतला 'जाम' दखनी मानावा की तेलुगू? आणि 'बाग' तर फारसी! देवापुढे मांडलेल्या पंचफळांत पेरू बसतो तेव्हा त्याच्या जन्मगावाची चौकशी कोणी करीत नाही. ही उदारता शास्त्रीपंडितांनी ठराव करून आणलेली नाही. फळ चांगले आहे, स्वस्त आहे, मुले खातात, एवढ्या तीन कारणांसाठी घरातल्या बाईने त्याला आत घेतले व आपल्या मसाल्याने आपले केले. मराठी व कोंकणी यांच्यातल्या नात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ कडू वाद झाले. १९६७ च्या जनमत कौलाच्या काळात तर घरोघरी झाले. त्या वादांची कारणे खोटी नव्हती. तथापि पेरादीचे ताट आणि आटीव गराची बरणी शेजारी ठेवून पाहिली, तर या दोन भाषांतील अंतर साखरेच्या एका मापाहून फार अधिक नाही, असे म्हणावेसे वाटते.

हैदराबादच्या मराठी घरांची संख्या पूर्वीसारखी नाही. मुले पुण्यास जातात, परदेशी जातात. जुन्या बैठ्या घरांच्या जागी मजले चढतात. विवेकवर्धिनीचे कागद कोणीतरी जपेल, सभांची इतिवृत्ते कोणीतरी छापील. परंतु ज्या बाईने पन्नास हिवाळे पेरू गाळले तिच्या हातातले माप तिच्याबरोबर जाते, आणि ते गेल्यावर कोणत्याही ग्रंथालयात मागून मिळत नाही. म्हणून आमची विनंती साधी आहे. घरात अशी कोणी वडीलधारी असेल तर येत्या हिवाळ्यात दोन किलो पेरू आणावेत, तिच्या शेजारी उभे राहावे, आणि ती 'अंदाजाने' म्हणेल तेथे तिची वाटी हातातून घेऊन तराजूवर ठेवावी. ती कोणत्या भांड्यात करते, कोणता मसाला आधी घालते व कोणता मागाहून, तिला हे कोणी शिकविले व ते माणूस कोणत्या गावचे, हे सारे वहीत तारीख घालून उतरून ठेवावे. गर थंड झाला की बरणीत भरावा आणि एक बरणी शेजारच्या तेलुगू घरी द्यावी. हा जाम आहे एवढे सांगितले तरी त्यांना समजेल.